कानस

चिनी शिकणाऱ्याला ‘गोंगमिंग’ हा शब्द बहुधा एखाद्या पुस्तकाच्या परीक्षणात भेटतो. वाचताना आतून काही हललं, की गोंगमिंग झालं. ‘गोंग’ म्हणजे सोबत आणि ‘मिंग’ म्हणजे पाखराची साद. त्या अक्षरात तोंडाशेजारी पक्षी बसलेला दिसतोच. पण ध्वनिशास्त्राच्या पुस्तकातही हाच शब्द आहे. एक तार छेडली की दुसरी, न छेडलेली तारही वाजू लागते, ते गोंगमिंग. मला हा कोरडा अर्थ अधिक मोलाचा वाटतो.

अकराव्या शतकातल्या शेन कुओ या चिनी विद्वानानं तंतुवाद्याच्या तारेवर कागदी माणूस बसवून पाहिला. जुळणारी तार छेडली की तो उडे. बाकीच्या कितीही वाजवा, ढिम्म. आपल्या सतारीच्या तरफा याच न्यायानं बोलतात, म्हणून तर त्या रागागणिक लावाव्या लागतात. तेव्हा प्रतिसाद देणं ही तारेची थोरवी नव्हे. ती तशी लावलेली असते, एवढंच. आपण मात्र डोळे पाणावले की लगेच कलाकृतीला महान ठरवतो, आणि जाता जाता स्वतःलाही.

बो या आणि झोंग झिची यांची कथा चीनमध्ये सर्वांना ठाऊक असते. आपलं वादन समजणारा मित्र गेला, म्हणून बो यानं वाद्यच फोडलं. कथा सुंदर आहे, पण तिच्यामुळे सूर जुळणं म्हणजे निव्वळ भाग्य असं वाटत राहतं.

तांग काळातली एक गोष्ट याच्या उलट आहे. ल्वोयांगमधल्या एका भिक्षूच्या खोलीतलं टोल्याचं वाद्य आपोआप वाजायचं. भुताटकी समजून त्यानं अंथरूण धरलं, मांत्रिकही हरले. त्साओ शाओखुई हा संगीतातला जाणकार त्याला भेटायला आला असताना मठात जेवणाची घंटा झाली, आणि वाद्य वाजलं. शाओखुईला उलगडा झाला. उद्या मेजवानी दे, बंदोबस्त करतो, म्हणाला. (जाणकारांची फी तेव्हाही अशीच.) दुसऱ्या दिवशी पोटभर जेवून त्यानं कानस काढली, वाद्य काही ठिकाणी घासलं, आणि आवाज थांबला. घंटेचा आणि वाद्याचा सूर एकच होता, इतकंच कारण. भिक्षू बरा झाला.

बो याच्या फुटक्या वाद्यापेक्षा मला ही कानस जवळची वाटते. आज आपला सूर नेमका हेरून घंटा बडवणारे पुष्कळ आहेत: जाहिरातवाले, पुढारी, मोबाइलवरच्या रडव्या चित्रफिती. त्यांच्या प्रत्येक टोल्याला आपण वाजतो आणि त्याला संवेदनशीलता म्हणतो. शाओखुईनं वाद्य फोडलं नाही, खोलीबाहेरही टाकलं नाही. त्यानं फक्त सूर जरासा सरकवला.