युक्त आहार आणि आपला हट्ट



आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६ वा, श्लोक १६ व १७

या दोन श्लोकांत भगवंत अर्जुनाला अगदी घरगुती गोष्ट सांगतात. जो फार खातो त्याला योग साधत नाही, आणि जो मुळीच खात नाही त्यालाही साधत नाही. झोपेचं आणि जागण्याचंही तसंच. ज्याचं खाणं-पिणं, फिरणं, काम आणि झोप युक्त असते, त्याचा योग त्याचं दुःख दूर करतो.

आता 'युक्त' म्हणजे नेमकं किती? भगवंतांनी पोळ्या मोजून दिलेल्या नाहीत. म्हणूनच की काय, आपण त्यावरून इतके भांडतो! डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळाने खा, भात आणि तूप सोडू नका. महाराष्ट्रात कितीतरी घरांत यावरून दोन पक्ष पडलेत.

प्रश्न मात्र खरा आहे. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा २०२३ चा आकडा आहे, देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही. त्याच पाहणीतून २०२५ साली पुढे आलं, की आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून आणि साखरेतून येतात. नुसता भात सोडून तेवढ्याच पोळ्या वाढवल्या तर फारसं साधत नाही. एकूण प्रमाण थोडं उतरवून डाळी, कडधान्यं, दूध-दही वाढवावं, असा त्याचा रोख.

हे सगळं मला पाठ होतं बरं का! आणि तरीही मागच्या आषाढीला काय झालं ते सांगते.

माझी आई ७४ वर्षांची, बरीच वर्षं मधुमेह. सकाळी स्वयंपाकघरात धाकटा भाऊ आणि मी वाद घालत होतो. तो दोन वेळा जेवणारा, मी दर दोन तासांनी खाणारी. आवाज चढले होते. आई देवघरात जपाला बसली होती. तिने नेहमीप्रमाणे शुगरची गोळी घेतली होती आणि वर कडकडीत उपास धरला होता. आम्ही दोघांनी तिला काही विचारलंच नाही.

साडेदहाला तिच्या हातून माळ गळाली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, शब्द अडखळत होते. मीटरवर शुगर ५८! ती शुद्धीवर होती, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तेव्हा ८९. आईने आमच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मग, ठरलं का रे तुमचं, कोण बरोबर ते?"

त्या रात्री सतरावा अध्याय उघडला. तिथे भगवंत म्हणतात, की जे दंभाने आणि अहंकाराने शास्त्र सोडून घोर तप करतात, ते आपल्या देहाला पीडतात आणि त्या देहात राहणाऱ्या मलाही पीडतात. इतकी वर्षं वाटायचं, हे कोणा जटाधारी तापसाबद्दल आहे. त्या दिवशी कळलं, उपास आईचा होता, पण अहंकार आमचा होता. आहाराची चर्चा करता करता जेवणाऱ्या माणसालाच आम्ही विसरलो.

युक्त म्हणजे त्या त्या माणसाला जुळणारं. ऊस तोडणाऱ्याची भाकरी आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची भाकरी एका मापाची कशी असेल? जो नुसता वजन उतरवतोय त्याचा नियम, गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या म्हातारीला तसाच कसा लागू होईल?

आई एकादशी अजूनही करते. पण आधी डॉक्टरांना विचारून, त्या दिवशी गोळी किती आणि केव्हा हे ठरवून. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, म्हणून 'एकादशी, दुप्पट खाशी' होऊ नये यासाठी खिचडी दोनच घास. बाकी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, आणि तेही वेळेवर. पहिल्यांदा तिला फार जड गेलं. "इतक्या वर्षांचं व्रत मोडलं गं," म्हणाली. मी म्हटलं, "आई, पांडुरंग काय तुला उपाशी पाडायला विटेवर उभा आहे का?" तेव्हा कुठे हसली.

आजचा संकल्प एवढाच. घरात ज्याला मधुमेह आहे त्याला सल्ला देण्याआधी विचारूया, "तू जेवलास का? गोळी घेतलीस का? बरं वाटतंय ना?"

हे पांडुरंगा, ताटातलं अन्न तुझं आणि ते पचवणारा अग्नीही तूच. आमच्या जिभेला आवर घाल, खाताना आणि बोलतानाही.

॥ रामकृष्ण हरि ॥