वेड लागते, ढ असतो

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात बोलली जाणारी वऱ्हाडी 'ळ'चा 'य' करते, जळगावचे जयगाव करते आणि वेड्याला येडा म्हणते. येडा, येडापिसा, बावळा, बह्याड, भैताड: शहाणपणात कमी पडणाऱ्याला नावे ठेवायला या बोलीत शब्दांची वाण नाही. या शब्दांना नुसते ग्राम्य म्हणून बाजूला सारणे मला चुकीचे वाटते. मूर्खपणा येतो कुठून, याविषयी समाजाने वेळोवेळी जे मानले ते या शब्दांत साठलेले आहे. 'बावळा'च्या मुळाशी संस्कृत 'वातुल' आहे, म्हणजे ज्याला वाताने ग्रासले तो. याच मुळातून बंगालमधल्या बाउल गायकांचे नाव निघाल्याचे मानतात. 'पिसा' निघाला पिशाचावरून. गोव्यात कोकणीत 'पिसो' अजून रोजच्या बोलण्यात आहे. एकाला वारा बाधला, दुसऱ्याला भूत. दोन्हीकडे कारण माणसाच्या बाहेरचे आहे. आपली क्रियापदेही तेच सांगतात. वेड लागते, खूळ डोक्यात शिरते, पिसे लागते. आणि जे लागते ते उतरतेही.

कारण बाहेरचे मानले की त्या माणसाबद्दलचा निवाडा खुला राहतो, आणि त्याचा पुरावा वऱ्हाडातच आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरचे गोविंदप्रभू, महानुभाव पंथाच्या चक्रधरांचे गुरू, गावाला वेडे-पिसेच वाटत. कोणाच्याही घरात शिरावे, मिळेल ते खावे, मुलांत खेळावे, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत जावे. म्हाइंभटांनी त्यांचे चरित्र लिहिताना हे वेड झाकले नाही. महानुभावांच्या दृष्टीने तीच ईश्वराची लीळा होती. पुढे 1878 मध्ये, पूर्णेपलीकडे शेगावात, उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा एक दिगंबर तरुण लोकांना दिसला. आधी पिसा वाटलेल्या त्याच तरुणाला लोक गजानन महाराज म्हणू लागले. एकाच वागण्याला वेड म्हणावे की सिद्धावस्था, हे 'पिसा' या शब्दाने आधीच ठरवून टाकलेले नव्हते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. भूत लागले म्हणणे म्हणजे करुणा नव्हे. त्या समजुतीने माणसांना साखळदंड घातले, चटके दिले, झोडपले. याच बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर आजही मनोरुग्णांना घेऊन घरची माणसे येतात, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला तो उगीच नाही. वात आणि पिशाच ही कारणे खोटी होती आणि त्यांवरचे उपचार अनेकदा क्रूर होते. तरी तिथे रुग्णाला आणणारी आई एक गोष्ट गृहीत धरून येते: माझा मुलगा असा नव्हता, त्याला काहीतरी झाले आहे. डॉक्टरही सुरुवात तिथूनच करतो. कारण बदलले, पण प्रश्नाची दिशा बरोबरच होती.

दुसरा आक्षेप असा, की बुद्धीच्या मांद्याला नावे ठेवणारे 'मूर्ख', 'मूढ', 'जड' हे शब्दही जुनेच आहेत. आहेत, पण ते कसे वापरले गेले हे पाहावे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खलक्षणांनी होते, आणि ती सगळी वागण्याची लक्षणे आहेत. रामदास ती सांगतात ती टाकून देता यावीत म्हणून. त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्ख येतो, ज्याचे वाचन दांडगे आहे. शिक्षण आणि मूर्खपणा यांची सतराव्या शतकात अशी गाठ घातलेली होती, की पोथ्या वाचूनही माणूस मूर्ख ठरू शकत होता.

ही गाठ शाळेने सोडवली आणि उलटी बांधली. वर्ग, परीक्षा, नंबर आले आणि 'ढ' रूढ झाला. ब्राह्मीपासून आजपर्यंत 'ढ' अक्षराचा आकार फारसा बदलला नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ढ म्हणतात, अशी या शब्दाची कथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, लोकांना ती पटते यातच सगळे आले. ढ लागत नाही, शिरत नाही, उतरत नाही. मूल ढ 'असते'. मला हा शब्द भैताडापेक्षा कितीतरी कठोर वाटतो. भैताड आई लाडानेही म्हणते, आणि घटकाभराने विसरते.

त्या कठोरपणाचे उदाहरण जळगाव जामोदकडेच आहे. जामोदच्या आसपास निहाली बोलली जाते. ही भाषा कोणत्याच भाषाकुळात बसत नाही आणि ती बोलणारे जेमतेम काही हजार उरले आहेत. निहाल मुलाच्या कानावर घरी निहाली, शेजारी कोरकू, बाजारात वऱ्हाडी आणि हिंदी पडते, आणि पहिलीत त्याच्यापुढे पुस्तकी मराठी येते. फळ्यावरच्या प्रश्नाला तो उशिरा उत्तर देतो किंवा देतच नाही. त्याला ढ म्हटले की चौकशी संपते. याला काय झाले, असे जुन्या चालीने कोणी विचारले, तर उत्तर अवघड नाही: प्रश्न त्याच्या भाषेत विचारलेला नाही.