पाचारण कोणाचें?

गेल्या मार्गशीर्षांत माझा एक जुना विद्यार्थी मुळशीस माझ्या घरीं आला. नगर जिल्ह्यांतील एका कॅथोलिक कुटुंबांतला हा मुलगा. तत्त्वज्ञान हा विषय आपखुषीनें घेणारीं मुलें हल्लीं विरळा, त्यांतला एक. चहा होईपर्यंत तो धरणाच्या पाण्याकडे पाहत बसला व मग म्हणाला, “सर, मला धर्मगुरू व्हावयाचें आहे.” आठ दिवसांनीं त्याची आई आली. ती विधवा, आणि हा एकुलता एक. “तुमचें तो ऐकतो, सर. त्याला दोन शब्द सांगा.” कोणते दोन शब्द, हें तिनें उच्चारलें नाहीं, जरूरही नव्हती. मी त्या धर्माचा नव्हें, तरी हो म्हणालों. आणि म्हणतांक्षणींच माझ्या ध्यानांत आलें कीं, या प्रकरणांत आईइतकाच मीही लोभी आहें. त्यानें एम्. ए. करावें, माझ्याच विषयांत संशोधन करावें, असा बेत मीं मनांतल्या मनांत केव्हांच ठरवून टाकला होता.

दुसऱ्याच्या अंतःकरणांत उठलेली हांक खरी कीं भासमान, हें ठरविण्याचा अधिकार तिऱ्हाइतास कितपत आहे? आणि उत्तेजन द्यावयाचें झालें तर तें कोठवर द्यावें?

आपल्याकडे हा प्रश्न आळंदीच्या विठ्ठलपंतांनीं आपल्या आयुष्यानें विचारून ठेवला आहे. परंपरा सांगते कीं, पत्नीची मनापासून संमति नसतां ते काशीस गेले व संन्यास घेऊन बसले. खरा प्रकार कळतांच गुरूंनीं त्यांना संसारांत परत धाडलें, आणि या उलटसुलट प्रवासाची शिक्षा ‘संन्याशाचीं पोरें’ म्हणून चार भावंडांनीं भोगली. त्या भावंडांच्या तेजानें आपले डोळे इतके दिपतात कीं, गुरूंकडे कोणी पाहतच नाहीं. मला मात्र तेच अधिक विचार करावयास लावतात. चूक उमगल्यावर ती दुरुस्त करण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें हें खरें. पण दीक्षेपूर्वीं थोडी चौकशी केली असती तर!

ही आधींची चौकशी कॅथोलिक संप्रदायानें शतकानुशतकें घासूनपुसून ठेवली आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं बिशपांच्या प्रांतांतून गुरुविद्यालयें काढण्याचें ठरविलें, आणि त्याच सालीं मुलींना बळजबरीनें मठांत ढकलणारांस बहिष्काराची शिक्षा सांगितली. हुंडा वांचविण्यासाठीं मुलगी मठांत टाकणारे बाप युरोपांत थोडे नव्हते. १९८३ च्या धर्मसंहितेंतील एक कलम तर मीं त्या दिवसांत दोनदां वाचलें. दीक्षा घेण्यास कोणासही कोणत्याही प्रकारें भाग पाडूं नये, आणि जो पात्र आहे त्यास परावृत्तही करूं नये, असें तें सांगतें. पहिला भाग सर्वांना पटतो. दुसरा माझ्यासारख्या हितचिंतकांसाठीं आहे. शिवाय पंचविसावें वर्ष पुरें झाल्याखेरीज साधारणपणें कोणासही धर्मगुरू करीत नाहींत. पुण्यास नगर रस्त्यावर पोपांचें गुरुविद्यालय आहे. तेराव्या लिओनें तें १८९३ त कँडी येथें स्थापिलें व १९५५ त तें पुण्यास आलें. अशा ठिकाणीं मुलगा वर्षानुवर्षें राहतो, आणि तेवढीं सारीं वर्षें परतीचें दार उघडें असतें. मात्र त्या दारानें परत येणाऱ्याकडे आपण पळपुट्याकडे पाहावें तसें पाहतों. हा दोष विद्यालयाचा नव्हे, आपला.

पण पात्र कोण, हें ठरवावयाचें कोणीं? लाहितों नांवाच्या एका फ्रेंच धर्मशास्त्रज्ञानें १९०९ त असें प्रतिपादिलें कीं, आंतरिक ओढ ही पाचारणाची आवश्यक खूण नव्हेच. हेतु शुद्ध असावा, अंगीं योग्यता असावी, आणि बिशपनें बोलवावें, हेंच पाचारण. मोठा वाद माजला, आणि १९१२ त रोमनें निर्णय दिला तो लाहितोंच्या बाजूनें. आपल्या भावनाशील मनास हें रुक्ष वाटेल. मला तें वाटलें नाहीं. माझ्या खिडकींतून दिसणाऱ्या पाण्याखालीं जीं गांवें गेलीं, त्यांच्यासाठीं १९२१ पासून झगडणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यानें दिली. कांहीं नांवें माणसास स्वतः घेतां येत नाहींत; तीं दुसऱ्यांनीं द्यावीं लागतात.

तथापि देणारेही चुकतात. वसईचा गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांच्या शाळेंत शिकला, त्यांच्याबरोबर जपानांत गेला, तेथें कित्येक वर्षें प्रचारकाचें काम केलें. संघांत घ्या म्हणून विनविलें, तें मान्य झालें नाहीं. मग तो मकावला व्यापारी झाला. पैसा मिळाला, पण हांक गेली नाहीं. अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कनांनीं त्याला साधा बंधु म्हणून घेतलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीस तो क्रुसावर मेला, आणि १८६२ त संत ठरला. नकारानें त्याची हांक मेली नाहीं एवढें खरें. पण ज्यांच्या हांका नकारानें मेल्या त्यांचीं चरित्रें कोण लिहिणार?

ज्या संघानें त्याला घेतलें नाहीं, त्याच्याच संस्थापकानें उत्तेजनाची मर्यादा सर्वांत नेमकी आंखली आहे. साधकाला दारिद्र्याच्या व्रताकडे ओढूं नये, उलट बाजूसही ओढूं नये, तराजूच्या कांट्याप्रमाणें मध्यें उभें राहावें, असें इग्नेशियस लोयोला मार्गदर्शकास सांगतो. आज युरोपांतील गुरुविद्यालयें ओस पडत असतां असा कांटा होऊन राहणें सोपें नाहीं. (वर्ग भरावेत म्हणून आम्ही प्राध्यापक मुलांना काय काय सांगतों, तें येथें न सांगितलेलें बरें.) १५२१ त पांपलोनाच्या वेढ्यांत पाय मोडून इग्नेशियस अंथरुणास खिळला. एका स्त्रीचीं व शौर्याचीं स्वप्नें तो पाही, तशींच संतांसारखें जगण्याचींही. दोन्हीं गोड, पण पहिलीं ओसरल्यावर मन कोरडें पडे, दुसरीं ओसरल्यावरही प्रसन्न राही. एवढ्या निरीक्षणावर त्यानें पुढचें सारें शास्त्र उभारलें.

तोच प्रश्न मीं त्या मुलास विचारला: कोणता विचार मागें काय ठेवून जातो? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “एम्. ए.चा विचार केला कीं तुमची आठवण येते, सर. दुसरा विचार केला कीं कोणाचीच येत नाहीं.”

आईला मीं सांगितलें कीं, ते दोन शब्द माझ्यानें बोलवणार नाहींत. तो मात्र वर्षभर घरीं राहून गांवच्या शाळेंत शिकविणार आहे, जूनमध्यें काय तें ठरवील. तिनें ऐकून घेतलें. जातांना उंबऱ्यांत थांबून विचारलें, “तुम्हांला मुलगा आहे का, सर?”

“एक मुलगी आहे,” मी म्हणालों. तिनें पदर सांवरला, आणि पौडच्या एस्. टी.ची वेळ विचारली.