न विचारता केलेली उसनवारी

महिनाअखेरीला, ऑफिस सुटता सुटता मेल येतो. पगाराला थोडा उशीर होईल, आपण सगळे एक कुटुंब आहोत, वगैरे. पाच तारखेला बँक घराचा हप्ता वळता करून घ्यायला जाते, खात्यात खडखडाट. दंड लागतो, सिबिल बिघडतो तो वेगळाच. बँकेला कुटुंबाचं कौतुक नसतं.

2022मध्ये 22 अब्ज डॉलरची समजली जाणारी बंगळुरूची ऑनलाइन शिकवणीची कंपनी बायजूज पुढच्याच वर्षाच्या अखेरीस पगाराला महाग झाली. पगार भागवण्यासाठी संस्थापक बायजू रवींद्रन यांनी घरं गहाण टाकल्याची बातमी आली, तेव्हा अनेकांना गहिवरून आलं. घर तारण ठेवायला छाती लागते, हे मान्य. पण कर्मचाऱ्यांना हवा होता तो हिशेब. 2020-21चा ताळेबंद वर्ष संपून दीड वर्ष झाल्यावर बाहेर आला, त्यात तोटा 4,588 कोटींचा. पुढच्या वर्षाचे कागद वेळेत मिळेनात म्हणून जून 2023मध्ये डेलॉइटने लेखापरीक्षण सोडलं. पगार रखडले ते त्यानंतर.

थकवलेला पगार हे कर्मचाऱ्याकडून परस्पर काढलेलं बिनव्याजी कर्ज असतं. बँक कर्ज देताना ताळेबंद मागते. शिल्लक किती महिने पुरेल हा ‘रनवे’चा आकडा बड्या गुंतवणूकदाराला वेळोवेळी कळतो. ज्याचा महिना वापरला, त्याला तेवढा कळत नाही. आकडा फोडला तर चांगली माणसं सोडून जातील, असं मालक म्हणतात. जातीलही! पण राहायचं की जायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि ते ठरवायला लागणारी माहितीच तुम्ही दाबून ठेवता. थांबणाऱ्याला हे महागात पडतं. कंपनी दिवाळखोरीत गेली, तर कामगार वर्गात न मोडणाऱ्या कर्मचाऱ्याची फक्त बारा महिन्यांच्या थकबाकीला अग्रक्रम मिळतो, तोही तारण घेतलेल्या बँकांच्या मागच्या रांगेत.

वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. साहेब तोंड उघडत नसतील, तर आपलं पीएफ पासबुक उघडावं. पगारपत्रकात कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायची असते. ती तिथे सलग दोन-तीन महिने दिसत नसेल, तर पुढच्या मेलची वाट पाहण्यात अर्थ नाही.