एक वेल बियांसाठी

पिटुनियाचं बी पेरताना पंखा बंद करावा लागतो. एका ग्रॅममध्ये सुमारे 10,000 दाणे. फुंकरीनं उडून जातील इतके बारीक. हे बी मातीखाली गाडायचं नसतं. ओलसर कोकोपीटवर ते नुसतं पसरायचं, त्याला उजेड मिळू द्यायचा आणि पाणी ट्रेच्या खालून द्यायचं. पाऊस ओसरला की पुण्या-नाशिकच्या गॅलऱ्यांत ही पेरणी सुरू होते आणि हिवाळ्यात टांगत्या कुंड्यांच्या काठावरून फुलं ओसंडू लागतात.

त्यामागे बोटांचं बरंच काम असतं. रोप जरा उभं राहिलं की शेंडा खुडायचा. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तेच डोळे फुटतात आणि कुंडी भरते. पुढे सुकलेली फुलं काढत राहायची. नुसती पाकळी ओढून भागत नाही, तिच्या बुडाशी धरलेलं हिरवं बोंडही काढावं लागतं. बोटं चिकट होतात, पण बहर टिकतो.

हा बहर टिकतो कशामुळे? हंगामी झाडाला आयुष्य एकाच हंगामाचं. बी धरलं की त्याचं काम झालं. मग ते फुलणं आवरतं घेतं. आपण बी धरू देत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा फुलून पाहतं. आपल्या डोळ्यांचं सुख त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कामावर उभं असतं. यात पाप नाही, पण याची जाण हवी.

1995 साली ‘पर्पल वेव्ह’ ही बियांपासून वाढणारी, लोंबती पिटुनिया ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या नव्या वाणांच्या अमेरिकी स्पर्धेत विजेती ठरली. जपानच्या किरिन ब्रुअरीनं घडवलेल्या या वाणानं बियांच्या एका पाकिटात टोपलीभर बहर सामान्य माणसाच्या हाती दिला. मात्र ते एफ-वन संकरित. त्याचं बी राखून पेरलं तर पुढची पिढी आईसारखी निघेलच असं नाही. दरवर्षी पाकीट नवं घ्यायचं आणि गोष्टही नव्यानं सुरू करायची.

म्हणून टोपलीत एक तरी नॅस्टर्शियम असावं, तेही साध्या, संकरित नसलेल्या वाणाचं. अँडीजच्या मुलखातली ही वेल. बी वाटाण्याएवढं, रात्रभर भिजवून थेट कुंडीत टोचावं. खत फार घालू नये, नाहीतर पानंच माजतात. हंगाम सरत आला की तिची फुलं खुडणं थांबवावं. देठावर दोन-तीन दाण्यांचे हिरवे झुबके धरतात, सुरकुततात आणि आपोआप गळतात. ते सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावेत.

त्या दिवसांत कुंडी ओकीबोकी दिसते. दिसू द्यावी. बाकीच्या झाडांकडून आपण फुलं मागून घेतलीच आहेत. एकीला तरी तिच्या मनासारखं संपू द्यावं. पुढच्या पेरणीचा हक्काचा दाणा त्यातूनच मिळतो.