खोक्यात तीन पुस्तकंही आहेत

वाई, शुक्रवार

चि. मुक्ता,

खोकं आज कुरिअरला दिलं. भाजणी, मेतकूट आणि आजीच्या हट्टाखातर सुंठ. हॅम्बुर्गला हल्ली ४ वाजताच अंधारतं असं तू म्हणालीस, तेव्हापासून आजी रोज ४ वाजले की तुझं नाव काढते. तिचा गुडघा बरा आहे. जिना मात्र चढू देत नाही आम्ही.

मला काळजी अंधाराची नाही गं. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "आत्या, सगळ्यांचं काहीतरी चाललंय, माझंच आपलं असंच." सव्विसाव्या वर्षी! आणि वर वाचतेस काय, तर विमानतळावर मिळणारी ती यशस्वी माणसांची आत्मचरित्रं. त्यातल्या प्रत्येकाला पंधराव्या वर्षीच कळलेलं असतं आपण कोण होणार ते. मला नाही खरं वाटत. ठेव ती बाजूला थोडे दिवस.

तुला तीन बायकांची पुस्तकं पाठवली आहेत. पहिलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. आजी दुपारी तांदूळ निवडायची आणि मी तिला ते वाचून दाखवायचे. आजी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची, आणि मधेच "थांब जरा" म्हणून गप्प व्हायची. ती का थांबते ते तेव्हा मला कळायचं नाही. १८९५ साली यजमान टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचं छप्परच उडालं. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली वर्षं आधी नवऱ्यापासून दूर, मग एकत्र येऊनही आपलं सोवळं वेगळं सांभाळत. आपण ती पानं दोन दुपारींत संपवतो. त्यांना मात्र पुढचं पान ठाऊक नव्हतं. त्या हकिकतीतला तो मिस्कीलपणा आला कधी? पहिला भाग छापून आला १९३४ साली, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. १८९६ च्या एखाद्या संध्याकाळी त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्याही तुझ्यासारखंच काहीतरी बोलल्या असत्या. राणी, आयुष्याला आकार दिसतो तो असा मागाहून. चालू वर्षाकडे तो मागू नकोस.

दुसरं रमाबाई रानड्यांचं, ते जरा हळू वाच. १९१० सालचं पुस्तक आहे, भाषा जुनी वाटेल. लिहायला-वाचायला शिकतात म्हणून घरातल्या बायकांचे टोमणे त्यांनी कसे सोसले, ते मन लावून वाच. नवऱ्याविषयी, माधवरावांविषयी, भरभरून आहे, स्वतःविषयी हात आखडता. (मला तर मधूनमधून रागच येतो त्यांचा.) १९०१ साली माधवराव गेले आणि पुस्तकही तिथेच थांबतं. चाळिशीच्या आसपासची बाई, आता हिचं काय उरलं, असं कुणालाही वाटावं. पण पुण्याचं सेवासदन उभं राहिलं १९०९ साली! ज्या कामासाठी आज आपण त्यांचं नाव घेतो, त्यातलं बरंचसं या पुस्तकाच्या बाहेर आहे.

तिसरं बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. फलटणच्या आपल्या छोट्याशा दुकानात बसून, मालाच्या पुड्या बांधायला आलेले कागद वाचत ही बाई वाचनाला लागली. लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवलं. पुस्तक आलं १९८६ साली. त्यात समाजाचं दुःख आहे, भूक आहे, बाबासाहेबांमुळे आलेली जाग आहे. नवऱ्याच्या हातचा मार मात्र त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. म्हणून सांगते, कुठलंही आत्मचरित्र वाचताना या घरात आणखी कोण राहतं आणि ते का बोलत नाही, हेही बघत जा. आपल्याच घराकडेही मग तसं बघावंसं वाटतं. तुझ्या आजोबांच्या रोजनिशीत दुधाचा हिशोब आणि पावसाची नोंद सोडून काही नाही. ज्या महिन्यात तुझ्या बाबांची नोकरी सुटली, त्या महिन्यातही दूध अर्धा लिटरच. मी ती पानं पुन्हा पुन्हा उलटून बघते.

सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' मुद्दामच नाही पाठवलं. ते तुझं लग्न झाल्यावर. रागावू नकोस!

एक वही कर. वाचता वाचता जे टोचेल ते लिही, आणि खाली त्या दिवसाच्या तुझ्या दोन ओळी. ऑफिसात काय झालं, काय जेवलीस, कुणाशी बोललीस. त्यातून काय निघतं याचा विचार आत्ता करू नकोस. आणि कुणाशीच बोलली नसशील, तर तसंही लिही, पण त्या दिवशी मला फोन कर. मी ११ पर्यंत जागी असते.

लक्ष्मीबाईंचं संपलं की मात्र पत्रच लिही, हाताने आणि मोठ्या अक्षरात. आजीला ते स्वतः वाचायचंय. उन्हाळ्यात रजा मिळणार का तेही त्यातच कळव, तिकिटं महाग व्हायच्या आत काढू.

तुझी,
आत्या