उलटी अक्षरे आणि अर्थाचे उत्तरदायित्व

वाल्या कोळ्याच्या कथेत ‘राम’ म्हणू न शकणारा माणूस ‘मरा, मरा’ म्हणत राहतो आणि त्या आवर्तनातूनच रामनाम उमटते. या कथेचा भक्तीच्या अंगाने पुष्कळ विचार झाला आहे. संहितेच्या अंगानेही तो करण्यासारखा आहे. महाजालावर मजकूर उलटा करून देणारी साधी साधने आहेत. त्यांपैकी जे केवळ संकेतांकांचा क्रम फिरवते, त्याला ‘राम’ दिला तर ‘मरा’ मिळत नाही, ‘मार’ मिळतो.

याचे कारण उघड आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या व्यवस्थेत व्यंजन आणि स्वरचिन्ह यांना निरनिराळे संकेतांक आहेत. ‘राम’ म्हणजे र, काना, म. हा क्रम फिरवला की काना ‘म’ला चिकटतो. ‘सातारा’ उलटवल्यास आरंभीचा काना निराधार होतो. अक्षर ओळखणारे साधन मात्र ‘रातासा’ देते. प्रश्न असा, की यांतील खरे उलटे कोणते? दोन्ही साधने आपापल्या नियमाशी प्रामाणिक आहेत. म्हणजेच उलटवण्याची क्रिया तटस्थ नाही. काय अविभाज्य मानायचे, हा निर्णय तिच्याआधीच झालेला असतो.

आपल्या परंपरेने तो अक्षराच्या बाजूने केला. सोळाव्या शतकातील पार्थपूरच्या सूर्यकवीचे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सुलट वाचता रामाचे, उलट वाचता कृष्णाचे होते. आनंदवर्धनाने चित्रकाव्याला काव्याची केवळ अनुकृती ठरवले. तथापि ‘देवीशतका’त त्यानेच चित्रबंध रचले. साताऱ्या-सांगलीकडची पोरेही ‘रामाला भाला मारा’ म्हणतात तेव्हा अक्षरच मोजतात. ‘चिमा काय कामाची’ यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक राहतो, पण कान तो क्षम्य मानतो. ही क्षमा यंत्राला ठाऊक नाही.

अर्थात अक्षरही स्वयंपूर्ण नव्हे. ‘सांगली’तील अनुस्वाराचा उच्चार पुढच्या ‘ग’मुळे ठरतो. ‘लीगसां’ असे उलटवले की त्याच्यापुढे काहीच उरत नाही. सोस्यूरने चिन्हकाची रेषात्मकता सांगितली, तिचा हा आपल्या घरचा पुरावा. भाषेत क्रम हा बाह्य साज नाही. ध्वनीचे रूपही तोच घडवतो.

येथे रूपवादी म्हणेल, की ‘मार’ हा अर्थ निघाला तर निघाला. अर्थाला कर्त्याच्या हेतूची गरज कोठे आहे? हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. हेतू नसला तरी घटक कोणता याविषयी भाषकसमूहाची संमती लागते. सूर्यकवीने दोन्ही दिशांच्या अर्थांचे उत्तरदायित्व स्वीकारले होते. ‘मरा’ म्हणणाऱ्या वाल्याने स्वतःच्या जिभेने आणि आयुष्याने ते फेडले. ‘मार’ला मात्र कोणी धनी नाही. तो ना यंत्राने म्हटला, ना यंत्र चालवणाऱ्याने योजला.

म्हणून ते उत्तरदायित्व वाचकाकडे येते. निराधार काना पाहून ‘संगणकात मराठी अशीच दिसते’ असे आपण म्हणतो, तेव्हा केवळ गैरसोय सोसत नाही. आपल्या भाषेचा घटक कोणता, हे ठरवण्याचा अधिकार सोडून देतो. अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते, अशी आपली व्युत्पत्ती आहे. पण अक्षर आपोआप टिकत नाही. ते तोडले गेले हे ओळखणारा वाचक असेल, तोवरच टिकते.